भरल्या पोटी पंगतीला

भंडारा हा शब्द आमच्याकडे दोन अर्थांनी चालतो. वैनगंगेच्या काठी वसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचे ते नाव आहे. आणि सप्ताहाच्या समाप्तीला, नवरात्रात किंवा हनुमानजयंतीला देवळाच्या आवारात जे गावजेवण होते त्यालाही भंडाराच म्हणतात. जेजुरीकडच्या वाचकांना भंडारा म्हटले की खंडोबाची हळद आठवेल. आम्हां वैदर्भीयांना आधी आठवते ती आलू-वांग्याची रस्सेदार भाजी, भात-वरण आणि द्रोणातली मूठभर बुंदी. या दोन शब्दांचे कूळ एक नाही. गावाचे जुने नाव भाणारा, ते रतनपूरच्या सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखात आढळते असे गॅझेटियर सांगते. जेवणाचा भंडारा मात्र भांडारातून, म्हणजे कोठारातून आलेला. कुळे निराळी असली तरी ज्या जिल्ह्यात तळ्यांच्या पाण्यावर धान पिकते आणि पितळी भांडी घडविण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या जिल्ह्याला हे नाव शोभते यात शंका नाही. तांदूळ घरचा आणि तो शिजवायचा गंजही घरचाच!

या भंडाऱ्याविषयी माझ्या एका स्नेह्यांची कायमची तक्रार असते. गृहस्थ सज्जन आहेत, हिशेबी आहेत, दान करण्यात मागे नाहीत. ते म्हणतात, "अहो, हजार माणूस जेवून गेले म्हणून सांगता, त्यांतले खरोखर उपाशी किती होते? शंभर? मग बाकीच्या नऊशेंनी घरी चूल पेटवायला काय हरकत होती? तोच तांदूळ त्या शंभरांना दिला असता तर त्यांचे दहा दिवस निघाले असते." या बोलण्याला आपले शास्त्रही अनुकूल आहे. देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, असे गीतेत सांगितले आहे. भरल्या पोटाचा माणूस अन्नदानाला पात्र कसा? आणि पात्र नसताना तो येतो, तर कशासाठी येतो?

प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. घरात सारे काही असताना मूल पंगतीला धावले की आई रागावते, "घरी काय जेवायला मिळत नाही?" त्या रागात थोडी लाज असते. चार लोकांत आपले पोर अन्नासाठी धावले, हे तिला खुपते. म्हणजे अन्नासाठी जाणे यात काहीतरी उणे आहे, असे आपण सर्वांनीच मनात धरून ठेवले आहे. त्या उणेपणाचे मूळ कोठे आहे ते पाहावयाचे असेल, तर आधी माणसे अशा ठिकाणी येतात ती कोणकोणत्या निमित्ताने, हे पाहिले पाहिजे.

दिवाळीच्या दिवसांत त्यासाठी दूर जावयास नको. भंडारा, गोंदिया आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला पुढचा सारा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. या पट्टीत भाऊबीज झाली की मंडईचे दिवस सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी मंडई म्हणजे भाजीबाजार समजू नये. ही मंडई म्हणजे जत्रा. आज या गावी, उद्या त्या गावी अशी ती फिरत राहते. बलिप्रतिपदेला गायगोधन झालेले असते, गोवारी बांधव ढाल घेऊन वाजतगाजत येतात. दिवसा दंडार होते, खडी गंमत होते आणि रात्री मांडवात नाटक उभे राहते ते तांबडे फुटेपर्यंत चालते. हलके धान कापून झालेले, भारी धान अजून बांधीत उभे, अशा मधल्या दिवसांत हा सोहळा येतो. कोठी पुरती भरलेली नसते, पण ती भरणार याची आशा असते. आणि आशेवरचा माणूस भरल्या कोठीच्या माणसापेक्षा अधिक सढळ असतो.

या मंडईत खाण्याची रेलचेल असते. धिवरांच्या टोपल्यांतून तळ्यातले शिंगाडे येतात. आलूबोंड्याची कढई दिवसभर उतरत नाही. मुरमुरे, जिलेबी, गुळाच्या मिठाईचे ढीग लागतात. आणि ज्या गावची मंडई त्या गावच्या प्रत्येक घरी त्या दिवशी पाहुण्यांची पंगत उठते आणि दुसरी बसते.

आता येथे येणारी माणसे पाहा. भाऊबीजेला माहेरी आलेली लेक मंडई झाल्याखेरीज सासरी परतत नाही. तिला बोंडा खावयाचा नसतो. लहानपणीच्या मैत्रिणी आता कोणत्या गावी, किती लेकरांच्या आया झाल्या, हे तिला पाहावयाचे असते. बोंडा हे केवळ थांबण्याचे निमित्त! म्हातारे बाबाजी येतात ते आपल्या वयाचे किती उरले याची मोजदाद करावयास. ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा आहे ते येतात मुलगी नजरेखालून घालावयास, आणि ज्यांच्या घरी मुलगी आहे तेही त्याच कामाला, फक्त तसे बोलून दाखवीत नाहीत. पोरे येतात फुग्यासाठी आणि जिलेबीसाठी. साऱ्या जत्रेत खरे बोलणारी तेवढीच. पुढारी येतो हात जोडण्यासाठी. विक्रेता येतो दोन पैशांसाठी. नाटकवेडा येतो तो खाणेपिणे विसरून मांडवाच्या पुढच्या रांगेत सतरंजी टाकतो. आणखी एक गृहस्थ प्रत्येक मंडईत असतात. ते दर घासाला पूर्वीच्या चवीची आठवण काढतात, आचाऱ्याला नावे ठेवतात आणि सर्वांत शेवटी उठतात. त्यांच्यावाचून जत्रेला शोभा नाही.

आणि या सर्वांत मिसळलेला आणखी एकजण असतो. भाताची रोवणी संपल्यापासून ज्याच्या हाताला काम थोडे आणि खाणारी तोंडे फार, असा. तो भुकेसाठी आलेला असतो. पण वाचकहो, गर्दीत तो कोणता हे आपल्याला ओळखता येत नाही. या न ओळखता येण्यातच, मला वाटते, आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

क्षणभर त्यांच्या सूचनेप्रमाणे करून पाहू. भंडाऱ्याच्या दवंडीत बदल करावा: "आज देवळात जेवण आहे, ज्यांच्या घरी खावयास नाही त्यांनीच यावे." किती माणसे येतील? मला वाटते, ते शंभरसुद्धा येणार नाहीत. ज्याच्या घरी खरोखरच चूल पेटली नाही, तोच त्या दिवशी अंगणात बसून दात कोरील. कारण त्या पंगतीला बसणे म्हणजे साऱ्या गावासमोर "माझ्या घरी अन्न नाही" असे लिहून देणे. हजारांच्या पंगतीत मात्र तो सुखाने बसतो. शेजारी मालगुजाराच्या वंशातला कोणी बसला आहे, पलीकडे शाळामास्तर आहेत, समोर दुकानदार आहे. हा काय, त्यांच्यासारखाच प्रसादाला आलेला! कोणी त्याला विचारीत नाही, आणि त्यालाही कोणाला सांगावे लागत नाही. भरल्या पोटाच्या नऊशे माणसांनी त्या शंभरांवर आपल्या उपस्थितीचे पांघरूण घातलेले असते. ती नऊशे माणसे नसती तर प्रसादाची भीक झाली असती.

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० सालचा दुष्काळ आमच्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'छप्पन्नचा' म्हणून राहिला. त्या वेळी भंडारा मध्यप्रांतात होता आणि प्रांतभर सरकारने शिजवलेल्या अन्नाची केंद्रे चालविली. त्या अन्नाने असंख्य जीव वाचले, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण त्या रांगेत उभे राहणाऱ्याचे येण्याचे कारण एकच होते आणि ते त्याच्या कपाळावर लिहिलेले होते. तेथे कोणी मैत्रिणीला भेटावयास आलेली नव्हती, कोणी नवस फेडावयास आलेला नव्हता. अन्न तेच, भूक तीच. पण जेथे एकाच कारणाने माणसे येतात तेथे माणसाचे नाव पुसले जाते आणि आकडा उरतो.

याच्या उलट दाखला आपल्या शाळांचा आहे. प्राथमिक शाळांतल्या मुलांना पूर्वी घरी नेण्यासाठी महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळत असे. २००१ सालच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा दिली की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला दुपारी शिजवलेले जेवण द्यावे. प्रत्येक मुलाला, हे शब्द महत्त्वाचे आहेत. गरिबांच्या मुलांची यादी करून तेवढ्यांनाच खिचडी वाढली असती तर खर्च कमी झाला असता. पण ती थाळी मग थाळी राहिली नसती, चिठ्ठी झाली असती. सर्वांची मुले एका रांगेत खातात तेव्हा कोण घरून जेवून आला आणि कोण सकाळपासून उपाशी आहे हे त्या मुलाखेरीज कोणाला कळत नाही. आणि तो सांगत नाही, कारण त्याला सांगावे लागत नाही.

तेव्हा भरल्या पोटाने पंगतीला जाणे हे पाप नाही. उलट, नीट समजून केले तर ती एक प्रकारची सेवा आहे. परंतु येथे एक अट आहे, आणि ती अट आपल्या समाजाने शतकानुशतके मोडली. पांघरूण सर्वांवर पडावयाचे तर पंगत एक असली पाहिजे. ती एक नव्हती. देवळाच्या आत एक पंगत, ओट्यावर दुसरी, आवाराबाहेर तिसरी, आणि सर्व उठल्यावर पत्रावळीत जे उरेल ते वेशीबाहेर. ज्या जेवणात शेजारी कोण बसला हे आधी पाहावे लागते तेथे भुकेला झाकला जात नाही. त्याची जात तेवढी उघडी पडते. पंगत ही जोडण्याची जागा खरी, पण ती तोडण्याचीही तेवढीच प्रभावी जागा आहे, हे आपल्या इतिहासाने चांगले दाखवून दिले आहे.

१८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमविली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कपाला हात लावला, कोणी तसेच उठले. नंतर नावे छापली गेली आणि पुण्यात केवढे ग्रामण्य माजले! रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणात सापडावे लागले. एक पेला चहा! पण त्या पेल्याने कोण कोणाबरोबर बसतो हा प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर द्यावयास समाज तयार नव्हता. पुढे १९२८ साली त्याच टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी गायकवाडवाड्यात समता संघाच्या वतीने सहभोजन घडवून आणले. एका घरातल्या एका पिढीत एवढे अंतर पडले. रत्नागिरीत सावरकरांनी १९३० पासून सहभोजनांचा सपाटाच लावला.

पण या साऱ्या सहभोजनांहून अधिक बोलके जेवण एकच झाले, आणि ते पुरे होऊ शकले नाही. १९२७ सालच्या मार्चच्या २० तारखेला महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक परिषदेच्या मांडवात परतले. काही जण जेवावयास बसले होते. तेवढ्यात ही माणसे आता देवळात शिरणार अशी आवई उठली, जमाव मांडवावर चालून आला आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले गेले. त्या परिषदेचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली आमच्या भंडाऱ्यातूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ज्या माणसाने आम्हांला एका पाणवठ्याचा आणि एका पंगतीचा अर्थ शिकविला, त्याला आम्ही निवडून दिले नाही. भंडारेकरांनी ही गोष्ट विसरू नये. गावजेवणाचा अभिमान सांगताना तर मुळीच विसरू नये.

आज उघड पंक्तिभेद कायद्याने राहिला नाही, आणि बहुतेक ठिकाणी रीतीनेही मावळला. पण तो नाहीसा होण्याऐवजी कधी कधी वेश पालटतो. मान्यवरांसाठी बाजूला कनात, खुर्च्या आणि आधी वाढप. बाकीच्यांसाठी सतरंजी आणि वाट पाहणे. देणगीदारांच्या नावांचा फलक देवाच्या मूर्तीपेक्षा उंच. आणि पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बायांची पंगत सर्वांत शेवटी, भाजी तळाला लागल्यावर! ज्यांनी सर्वांना झाकले त्यांना झाकणारे कोणी नसते. ज्या गावात स्वयंपाक करणाऱ्यांची पंगत पहिली बसेल, त्या गावचा भंडारा मी सर्वांत मोठा मानीन, मग तेथे माणसे पन्नासच का जेवेनात.

शहरांत आता खाद्यमहोत्सव भरतात. मैदानावर दुकानांच्या रांगा, प्रत्येक प्रांताचे पदार्थ, वर दिव्यांची रोषणाई. तेथे जाणाऱ्यांना नाके मुरडण्याची आमच्या पिढीला हौस आहे. मी ती करणार नाही. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनात खेड्यापाड्यांतल्या बचतगटांच्या बाया आपल्या हातची चव घेऊन उभ्या राहतात आणि घामाचा पैसा घेऊन घरी जातात. ज्या हाताची जात विचारल्याखेरीज आजोबांनी पाणी घेतले नसते, त्या हातची भाकरी नातू रांगेत उभा राहून विकत घेतो. पैशाने हे एक काम चांगले केले, हे मान्य केले पाहिजे. पण पैशाचा दरवाजा एका माणसाला बाहेर ठेवतो, आणि तो कोण हे सांगावयास नको. त्या झगमगाटात सर्व प्रकारची माणसे असतात: चोखंदळ असतात, हौशी असतात, प्रेमात पडलेली असतात, माहेरच्या चवीला आसुसलेली असतात. फक्त भुकेसाठी आलेला नसतो. तेथे खाण्याची सर्व कारणे आहेत. खाण्याचे पहिले कारण तेवढे नाही.

म्हणून मी माझ्या स्नेह्यांना सांगतो की आपला हिशेब अंकांत बरोबर आहे, माणसांत चुकतो. अन्न वाया जाऊ नये, कर्ज काढून कोणी भंडारा घालू नये, शंभरांच्या पुढच्या दहा दिवसांचीही सोय व्हावी, हे सारे मला मान्य. त्यासाठी शिधा द्यावा, काम द्यावे, मजुरी वेळेवर आणि पुरती द्यावी. आणि हे सर्व करूनही पंगत मोडू नये. मजुरीने पोट भरेल. पण वर्षातून एकदा गावाच्या मधोमध बसून, कोणाचे मिंधे न होता, सर्वांबरोबर जेवल्याचे सुख मजुरीतून मिळत नाही. त्याला दोन्ही हवे. आपल्यालाही दोन्ही हवे असते. आपल्याला पहिल्याची चिंता नसल्यामुळे दुसरे फुकटचे वाटते, इतकेच.

येथे कोणी विचारील की मग येण्याच्या हेतूंना काही किंमतच नाही काय? नवस फेडावयास आलेला आणि जिलेबीला आलेला सारखेच? मी म्हणतो, पंगतीपुरते सारखेच. पंगतीचा मोठेपणा तिला बसणाऱ्यांच्या हेतूंवर ठरत नाही. ती हेतू विचारीत नाही यावर ठरतो. काल्याच्या दिवशी गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या की कोणाची भाकरी कोणती हे निवडता येत नाही. माणसांच्या हेतूंचेही तसेच व्हावे. चवीसाठी आलेल्याची मजा, ओढीने आलेल्या लेकीचे डोळे, भक्ताचा भाव आणि भुकेल्याची भूक, सारे एका काल्यात पडावे. निवडत बसणाऱ्याचा घास तेवढा गार होतो.

मात्र भरल्या पोटाने जाणाऱ्यावर काही बंधने येतात, ती त्याने पाळावी. रांगेत पुढे घुसू नये. पत्रावळीवर टाकू नये. "हा रोजच येतो" असे कोणाकडे बोट दाखवून म्हणू नये. वाढप्याने कोणाला तिसऱ्यांदा भात वाढला तर तिकडे पाहू नये. ओळखीच्यांची जागा धरून ठेवण्याऐवजी जेथे मिळेल तेथे बसावे, आणि शेजाऱ्याला गाव विचारावे, घरची स्थिती विचारू नये. एवढे पाळले तर त्याचे येणे कारणी लागले.

दिवाळी म्हणजे आपल्या घरोघरचा छोटा भंडाराच होय. डबे भरलेले आहेत, फराळाला बोलावणी जात आहेत. ज्यांना करंजी नवी नाही अशांनाच आपण बहुधा बोलावतो, आणि तीही मंडळी भरल्या पोटीच येतात. त्यांना अवश्य बोलवावे. त्यांच्याबरोबर त्याच वेळी, त्याच सतरंजीवर, वर्षभर आपली धुणी-भांडी करणाऱ्या बाईंना, शेतावरच्या माणसाला, दूध घालणाऱ्याच्या मुलांनाही बसवावे. त्यांचा फराळ पुडीत बांधून दारातून देणे सोपे असते आणि आपण बहुतेक तेच करतो. पुडीतली करंजी आणि ताटातली करंजी यांत पीठ-साखर सारखीच असते. तरी दारात उभ्या असलेल्या मुलाला त्या दोहोंतला फरक कळतो. आपल्या घरातल्या मुलालाही तो याच वयात कळतो, आणि आपण जे करू त्यालाच तो रीत समजतो.